एका रात्रीनं चुकलेला गोऱ्हा

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, देवापाशीही नाही — देवापुढं हात जोडले की दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. सातवीत शाळा सुटली माझी, लिहिताना हात अडतो. पण बोलायला गेले तर मध्येच गप्प बसेन. म्हणून लिहिते.

आम्ही साकोलीकडचे. आता चाकणला असतो — हे कंपनीत, मी एका मेसमध्ये पोळ्या लाटते. मालकीणबाई मायाळू आहेत, दोन घास सुखाचे मिळतात. तक्रार कशाचीच नाही. तरी पोळा जवळ आला की माझ्या पोळ्या वाकड्या लाटल्या जातात.

आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लेकरांचा. लाकडाचे नंदी सजवून लेकरं घरोघरी नेतात, लोक त्यांना बोजारा देतात — खाऊ, एखादं नाणं. माझा गुड्डू पाच वर्षांचा होता. त्या दिवशी सकाळी तापानं फणफणला आणि साकोलीच्या दवाखान्याच्या रस्त्यातच, माझ्या मांडीवर — जाऊ द्या. घरी आलो तेव्हा त्याचा नंदी दारातच उभा होता, गळ्यात झेंडूची माळ घालून.

आता रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं की तो सण त्या घराला बंद. कढई चढत नाही. पुढं कधी त्याच दिवशी घरात लेकरू जन्मलं, नाहीतर गोठ्यात गाय व्याली, तरच सण उघडतो.

घर एकत्र होतं. सासू, भासरे म्हणजे यांचे थोरले भाऊ, जाऊबाई आणि त्यांची छकुली — गुड्डूहून वर्षानं लहान. जाऊबाईंचं काय सांगू? मी जेवत नव्हते तेव्हा घास त्यांनी भरवले, वर्षभर माझी वेणी त्यांनी घातली. आणि तान्ह्या पोळ्याला पोरीला घेऊन त्या अड्याळला, माहेरी निघून जायच्या. इतरांचे नंदी पाहून पोरीनं हट्ट धरला आणि तो माझ्या कानावर पडला तर? एवढ्यासाठी.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. पोळ्याला आठ दिवस होते. मी गोठ्यामागं शेण सारत होते, आत हे आणि भासरे बोलत होते; मी, सुनंदा, बाहेर आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"दिवस बरोब्बर भरून राहिले दादा. मंडईच्या टायमाले भरवली होती ना, हिशेबानंच."

"सुनंदाले सांगतलं का?"

"तिले कायले सांगाचं? मायले न वयनीले ठाऊक हाये, तेवढं पुरे. गाय व्याली का सण उघडला. किती वर्स रडत बसाचं?"

दिवाळीनंतर आमच्या गावात मंडईची जत्रा भरते. तेव्हाच यांनी गुड्डूचा दिवस डोक्यात धरून गाय वळूकडं नेऊन भरवून आणली होती. सासूला ठाऊक. जाऊबाईंना ठाऊक — माझी वेणी घालणाऱ्या! नऊ महिने मी त्या गायीला सरकीची ढेप चारत होते आणि मलाच पत्ता नव्हता. माझ्या लेकराला घराबाहेर काढायचा दिवस सगळ्यांनी मिळून ठरवला होता, आणि त्याच्या आईला विचारलंही नव्हतं. असं मला वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं.

तान्ह्या पोळ्याला गाय शेतातल्या झोपडीत बांधली होती, गावच्या गलक्यात बुजू नये म्हणून. दुपारीच लांबच्या धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे खाचराचा बांध, फुटला. दोघे भाऊ अंधार पडेपर्यंत तिकडं चिखलात. सासूनं मला गायीपाशी धाडलं. सांजेला घरी येऊन मी सांगितलं — अजून नाही, आज काही व्यायची नाही ती. हे थकून आले होते. पाहायलाही गेले नाहीत. माझ्या शब्दावर झोपले.

दिवस उगवल्यावर मीच आधी शेतात गेले आणि ओरडत परत आले — व्याली, आत्ताच व्याली, गोऱ्हा झाला!

जाऊबाई अड्याळहून आल्या, गोऱ्ह्याला कुरवाळत हसल्या. "एका रातीनं चुकला रे बावा तू!" तेव्हापासून त्याचं नावच चुक्या पडलं. खरवस केला त्यांनी. पहिली वाटी मला. सासूनं चीक बोटावर घेऊन पाहिला होता. "पयला चीक इतका पातर?" एवढंच म्हणाली, माझ्याकडं पाहिलं, आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

आणि हे? हे म्हणाले, "आपल्या गुड्डूलेच मंजूर नसन." लेकराच्या माथी लागलं ते. मी ऐकून घेतलं.

त्यानंतर गाय कधी त्या दिवशी व्याली नाही. आम्ही इकडं आलो. छकुली आता चौदा वर्षांची आहे, तिनं एकदाही नंदी फिरवला नाही. परवा जाऊबाईंचा फोन आला. "पोरगी गुड्डूचा नंदी माळ्यावरून काढते, तेल लावते न ठेवून देते. मागत नाही आता, मोठी झाली. तू बरी हायेस ना गं?" मी म्हटलं, बरी आहे.

चुक्या चुकला नव्हता. तान्ह्या पोळ्यालाच झाला तो, ऊन कलताना, माझ्यासमोर. गावाकडून लेकरांचा गलका ऐकू येत होता. त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. मी वाळल्या तणसानं त्याचं अंग पुसलं, तो पायावर उभा राहीपर्यंत थांबले, वार लांब नेऊन पुरली, शेताकडेच्या बोडीच्या पाण्यात हात धुतले. मग झोपडीची ताटी लावली आणि घरी आले.