मागे घेतलेला पेपर

तिच्या नावावर संशोधनाचा एकच मोठा पेपर होता. एका औषधाने फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी मरतात, असं त्यात दाखवलं होतं. जगभरचे संशोधक त्याचा संदर्भ द्यायचे. "तुझ्या संदर्भांचा आकडा माझ्या रक्तदाबापेक्षा जोरात चढतोय," असं तिचे सर म्हणायचे.

मग तिने त्या प्रयोगात वापरलेल्या, जुन्या साठ्यातल्या पेशींची ओळख तपासून घेतली. ही तपासणी सुरुवातीलाच करायला हवी होती. पेशी फुप्फुसाच्या नव्हत्याच. शेजारच्या बशीतल्या दुसऱ्याच कर्करोगाच्या पेशी कधीतरी आत शिरल्या होत्या आणि त्यांनी मूळ पेशींचं बिऱ्हाड उठवलं होतं.

"गप्प बस गं बाई," सर म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझी नोकरी कायम व्हायची आहे अजून."

"सर, उद्या कुणी रुग्णाला देईल ते औषध."

तिने पेपर मागे घेतला. नोकरी गेली. "हरिश्चंद्राची धाकटी बहीण!" भाऊ म्हणाला आणि न हसता जेवत राहिला.

पेपरवर आता लाल अक्षरांत 'मागे घेतला' असं दिसतं, पण संदर्भ वाढतच राहिले. वर्षभराने एका नव्या लेखातून तिला कळलं, की एका रुग्णालयात त्याच औषधाची चाचणी सुरू आहे. तिने लगेच तिथल्या डॉक्टरांना फोन लावला.

"मॅडम, तुम्ही? तुमच्याच पेपरवर तर आम्ही उभे आहोत!"

"तो मी मागे घेतलाय."

"कधी?"

"गेल्या वर्षी."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"पहिल्या रुग्णाचं नेहमीचं औषध," डॉक्टर म्हणाले, "आम्ही दोन महिन्यांपूर्वीच बंद केलं."