बुट्टीवरची तिकिटं

माझा टपाल तिकिटांचा संग्रह म्हणजे पोरखेळ नव्हता. नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांचीच तिकिटं त्यात होती. इंग्लंडच्या राणीच्या तोंडाचं एकही नाही. वडील चळवळीतले, घरभर पत्रकांचे गठ्ठे. अशा घरात संग्रहालाही तत्त्व हवंच. पंधरा ऑगस्टला वाचनालयात तो मांडायचा होता.

पण कोल्हापूरच्या पावसाळ्याला तत्त्वांशी देणंघेणं नाही. पाऊस उघडला की उकाडा, आणि भिंतींना ओल कायमचीच. कोऱ्या तिकिटामागचा गोंद ती ओल पितो आणि मिळेल त्याला चिकटतो. म्हणून मी एकेक तिकीट बटर पेपरच्या पाकिटात घातलं, अल्बम कपाटात उभा ठेवला आणि सगळ्यांना बजावलं, की याला कुणी हात लावायचा नाही.

चौदा ऑगस्टला दुपारी घरी आले. आईनं शेगडीवर बुट्टी, बांबूची टोपली, पालथी घातली होती. बाळंतपणाला आलेल्या ताईच्या बाळाची दुपटी ती पावसाळ्यात अशीच निखाऱ्यांच्या उबेवर वाळवायची. त्या ओल्या, वाफाळणाऱ्या दुपट्यांच्या मधोमध माझा अल्बम उघडा पसरलेला.

"आई! हे काय केलंस?"

"कुबट वास मारत हुता त्यो. तान्ह्या लेकराचं दुपटं वाळतंय, तर तुझी कागदं का न्हाय वाळायची?"

"कागदं न्हाईत ती!"

"मग काय सोनं हाय व्हय?"

वाफेनं गोंद पाघळून तिकिटं पाकिटांना घट्ट बसली होती. वडील डोकावले. "देश सुटलं की गं, तिकिटंच तेवढी सुटंनात!" म्हणाले आणि पत्रकं काखेत मारून सभेला गेले. जगातल्या सगळ्या शोषितांसाठी या माणसाकडं वेळ होता.

शेवटी परातीत पाणी घेऊन तिकिटं त्यात सोडली. ती सुटली, पण गोंद गेला, आणि एका झेंड्याचा लाल रंग पाण्यात उतरला. टीपकागदावर ठेवली, तर संध्याकाळपर्यंत ओलीच. बाहेर पाऊस कोसळत होता. सकाळी वाचनालयात काय मांडणार होते मी? परात?

"ठेव की हितं," आई बुट्टीकडं बोट दाखवत म्हणाली.

"आधी दुपटी उचल."

तिनं दुपटी उचलली. मी दातओठ खात एकेक देश बुट्टीवर मांडला.

"फुंकर घालू का जरा?"

"आई, तू फक्त गप बस!"

"बसलो बाई," म्हणत तिनं बुट्टीच्या कडेखालून चिमटा घालून निखाऱ्यांवर राख ओढली, आच मंद केली आणि शेगडीजवळच बसून राहिली.