खालच्या आळीचा सत्कार

आता काय सांगू, इंजिनीअर म्हणवणाऱ्या या माणसानं एका मुलीच्या हळदीचं अंगण कसं खणून ठेवलं ते! चहा आधी खाली ठेवा, ठसका लागेल.

धसईच्या अलीकडच्या एका गावात मी नळयोजना बघत होतो. टाकी भरायची, तरी पाणी पुरायचं नाही. मग मी गावाचे दोन भाग केले, वरची आळी आणि खालची आळी. दोघींना वेगवेगळा मीटर. मधला वॉल, म्हणजे पाइपावरची झडप, बंद केला, की कोण किती पाणी ओढतं ते कळलंच ना!

तो वॉल मी स्वतः फिरवला. आमचे जुने वॉलमन पांडूमामा म्हणाले, "सायेब, त्यो वॉल जरा..."

"मामा, डिग्री आहे माझ्याकडे!"

मामा तंबाखू मळत बसले.

आठवड्यानं मीटर बघितले. खालच्या आळीचा वापर इतका कमी, की मला अगदी भरून आलं! मी तिथल्या बायकांचा नारळ देऊन सत्कारच केला. त्या बिचाऱ्या एकमेकींकडे बघतायत. "आमी काय केला, सायेब?"

आणि वरची आळी? दुप्पट पाणी! निघालो गळती शोधायला. जनाकाकूंच्या अंगणात बघतो तर जमीन ओली!

"काकू, इथे पाइप फुटलाय. नाहीतर चोरून जोडणी घेतलीय."

"चोरून? आवो, सकाळीच सारवलाय अंगन! उद्या पोरीची हलद हाय!"

ऐकतो कोण? माणसं लावून कमरेएवढा खड्डा खणला. आत पाइप ठणठणीत, माती कोरडी. काकूंचे डोळे भरले. "उद्या सोयरे येतील. चोरी पकडाय खनलाय, असा सांगू त्यांना?"

खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पांडूमामा आले. "सायेब, मी तवा तेच सांगत व्हतो. त्यो वॉल उलटा फिरतो. तुमी बंद समजून सताड उघडलात. वरच्या मीटरमधला पानी खालचा मीटर चुकवून सगला खाली जातोय!"

म्हणजे चोरी नाही, काटकसर नाही! पाणी सोडणारा मी, चोर शोधणारा मी, आणि नारळ वाटणाराही मीच!

"मामा, तेव्हाच ओरडून का नाही सांगितलंत?"

"डिग्री बोलत व्हती ना, मधी कसा बोलू?"

खड्डा मी स्वतः बुजवला. वर शेणानं सारवलंसुद्धा. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या. "हात गोल फिरवा, सायेब. भिंत रंगवताय काय?"

दुसऱ्या दिवशी मांडवात सोयरे आले. काकूंनी मलाही बोलावलं होतं. नवऱ्या मुलाच्या मामांची नजर नेमकी तिथेच गेली. "अंगनात ह्यो येवढाच तुकडा असा ओबडधोबड कसा?"

आता काकू सगळं बोलणार!

काकूंनी शांतपणे माझ्याकडे बोट केलं. "त्यो ह्या सायबांनी सारवलाय. नलाचा काम काय त्यांना जमत नाय. मी म्हनला, निदान सारवाय तरी शिकवू."