आधी चाखू दे

"आधी चाखू दे, मग बोलू," असं म्हणत काकू तळहात पुढे करायच्या. मनीषनगरातल्या आमच्या गल्लीत भाजी असो की भांडण, चाखल्याशिवाय त्यांचा निवाडा नसे. उन्हाळ्यात आम्ही बायका मिळून गव्हाच्या कुरडया करायचो, तेव्हा गरम चिकाचा पहिला गोळा त्यांच्याच हातावर पडे.

एका वर्षी याच काकूंनी अंथरूण धरलं. बोलणं बंद, आंघोळ बंद, घास तोंडात तसाच. औषधांनी फरक पडेना, तेव्हा रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी शॉकचे उपचार सुचवले. झालं! गल्लीला वर्षभराचा विषय मिळाला. कोणी म्हणे हातपाय बांधतात, कोणी म्हणे मेंदू जळतो. पाहिलेलं सगळं सिनेमात. मी काकूंसोबत जायची. आत नेऊन भूल देत, थोड्या वेळानं बाहेर आणत आणि शुद्धीवर आल्या की काकू चहा मागत. अशा काही खेपा झाल्या आणि एक दिवस त्यांनी माझ्या वरणाला नावं ठेवली. मला रडूच आलं.

"आजारातलं बरंचसं आठवत नाही मले," त्या म्हणाल्या. "जाऊ दे वं. ते दिवस गेले, मी तर राहिली ना!"

पण गल्लीनं राहू दिलं तर ना. पुढच्या कुरडयांना शेजारणीनं त्यांना खुर्ची दिली. "तुम्ही बसा काकू, मिठाचं विसरून जासान." नेमकी चतुर्थी, सगळ्याजणी उपाशी. गोळ्यांमुळे काकूंना उपास नव्हता, म्हणजे चाखू शकणारी अंगणात तेवढी एकच बाई. "त्यांनाच चाखू द्या," मी म्हटलं. "तू गप वं!" शेजारणीनं मलाच दटावलं. कुरडया वाळल्या, तळल्या. मिठाचा पत्ता नाही. यावर शेजारीण काय म्हणाली? "त्यांच्या शॉकनं आपलंही डोकं बंद पडलं!" सगळ्या हसल्या. काकूसुद्धा हसल्या. त्या हसल्याचाच मला जास्त संताप येतो.

आजार पुन्हा उलटला. डॉक्टर म्हणाले, मागे गुण आला तेच करू, उशीर नको. काका अडून बसले.

"पुन्हा करंट नाही देऊ देणार मी तिले."

"काहून? त्यानंच तर बऱ्या झाल्या होत्या!"

"झाली. पण लोक काय काय बोलून राहिले, तूच ऐकलं ना."

लोक! ज्यांना मीठ आहे की नाही तेही कळलं नाही, ते लोक. काकूंनी अन्न सोडलं, मग पाणी. दवाखान्यात नेलं तेव्हा हातातून वेळ गेली होती.

रीतीप्रमाणे सुतकाच्या घरी गल्लीतून कडू घास आला. पिठल्याचं पातेलं घेऊन तीच शेजारीण. "शेवटी करंटनंच नेलं बिचारीले."

"करंट दिला नाही म्हणून गेल्या," मी ओरडलेच. "तुमच्या तोंडांनी नेलं काकूले!"

काकांनी पिठल्याचा एक घास घेतला, थांबले आणि सवयीनं आतल्या खोलीकडे वळून म्हणाले, "जरा चाखून पाह्य वं, मीठ आहे का यात?"