खंडेनवमीला धुतलेला लॅपटॉप

आष्ट्याहून झेंडूची फुलं घेऊन आले आणि उंबऱ्यातच थबकले. ओसरीवर पाट मांडलेला. त्यावर विळा, कोयते, खुरपी, ट्रॅक्टरचे पाने. सगळं धुऊन लख्ख. आणि मधोमध माझा लॅपटॉप, उघडा. कडेनं पाणी ठिबकतंय, पडद्यावर हळदीकुंकवाची बोटं.

लग्नाच्या फिल्म एडिट करणं हे माझं काम. घरात त्याला कुणी काम म्हणत नव्हतं. "लॅपटॉपवर बसलीय" म्हणायचे. धान्याच्या पोत्यांआड एक टेबल होतं, तिथं मी बसायची.

लॅपटॉप घेताना सांगलीच्या दुकानदारानं पातळ, चकचकीत तेवढेच पुढं केले होते. पातळ घेऊन मला काय करायचंय? नवरीचा डाळिंबी शालू पडद्यावर डाळिंबीच दिसायला हवा, नाहीतर तिची आई माझ्या नावानं बोटं मोडते. तासन्‌तास फिल्म तयार होताना तापून बंद पडायला नको. आणि ज्यात सगळं साठतं तो आतला भाग कायमचा चिकटवलेला नको. स्क्रू काढला की वेगळा निघायला हवा. म्हणून जाडजूड घेतला. आमचे हे म्हणाले, "यापेक्षा आपला पाटा हलका." मी चिडून शेजारी हसणाऱ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, सुनावलं होतं, "हा कामाचा हाय मामा. पाणी सांडलं तरी कीबोर्डला काय हुत न्हाई."

त्यांनी ते मनावर घेतलं होतं.

"मामा, हे कुणी धुतलं?"

"मीच. फटीत लय धूळ बसलीवती, म्हणून पाणी सोडलं. तूच म्हणलीवतीस न्हवं, पाण्याला भीत न्हाई? आन् शेजारची काळी डबी बी बादलीत बुडवून काढली."

काळी डबी म्हणजे माझी दुसरी डिस्क. कुठल्याही कामाच्या दोन प्रती ठेवायच्या, हा माझा नेम. दोन्ही प्रती एकाच बादलीच्या पाण्यानं धुतल्या गेल्या होत्या.

आणि त्यात विट्याच्या एका मुलीचं लग्न होतं. तिचे वडील सोनं गाळायच्या धंद्यात, आयुष्य परमुलखात गेलेलं. लग्नानंतर महिन्याभरातच हार्ट अटॅकनं गेले. घरातले सगळे व्हिडिओ त्यांनीच काढलेले, त्यामुळं ते स्वतः कशातच नव्हते. मांडवात, पाठवणीच्या वेळी तेवढे चार शब्द बोलले होते. मुलीचा फोन आला होता, "ताई, बाकीचं राहू दे. बाबांचं बोलणं तेवढं दसऱ्याला द्या." कॅमेऱ्याच्या कार्डांवर त्यानंतर दुसरी लग्नं चढली होती.

मी पाटावरून लॅपटॉप उचलला. सासूबाईंचा फुलं वाहणारा हात थांबला.

"मांडलेलं उचलू न्हाई गं," मामा म्हणाले.

"तुमी माझा लॅपटॉप मांडलाच कशाला?" मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले.

ते गोंधळले. "घरात समद्यांची हत्यारं मांडली. तुझंच तेवढं कसं ठेवायचं?"

माझा राग जागच्या जागी अडकला. विट्याच्या मुलीचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, आणि पायांत चपला सरकवून ते माझ्या आधी गाडीत जाऊन बसले.

सांगलीत दुरुस्तीवाला दुकानात होता, पण त्याचे स्क्रू-ड्रायव्हर कुंकू लावून फोटोपुढं मांडलेले. "ताई, आज हत्यार उचलत नाही. उद्या या."

उद्यापर्यंत आत ओल मुरली असती. मी काही म्हणायच्या आत मामा पुढं झाले. सकाळी मला अडवणारा हाच माणूस. टोपी काढून हात जोडून म्हणाला, "दादा, आमच्या सुनंनं मांडलेलं उचललंय. तुमी बी उचला. दोष लागला तर मला लागू दे."

दुरुस्तीवाल्यानं फोटोला नमस्कार केला आणि कुंकवाचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला. मदरबोर्ड गेला होता, काळी डबी गेली होती. आतला साठवणीचा भाग मात्र स्क्रू काढताच सुटा निघाला. त्यानं तो पुसून, नीट वाळवून दुसऱ्या मशीनला जोडला. मी डोळे मिटून घेतले.

आवाज आला. मुलीचा बाप व्याह्यांना सांगत होता, "पोरीचं शिलाई मशीन संगं धाडलंय. अडगळीत टाकू नका. खिडकीपाशी ठिवा, उजेडाला."

मामा खाली बघत होते. टोपी हातातच होती.

मी तिथूनच मुलीला ते पाठवलं. तिचा फोन आला. ती नुसती रडत राहिली. आता एडिटिंग कशावर करायचं, याचा हिशोब मी घरी येईस्तोवर मनात करत राहिले.

दसऱ्याला सकाळी उठले तर मामांची खाट अंगणात होती. लग्न झाल्यापासून मी ती खिडकीखालीच पाहिलेली. त्या जागी पोत्यांआडचं माझं टेबल होतं, पुसलेलं. आणि कोरड्या फडक्यानंच पुसलंय, असं मामांनी मला दोनदा सांगितलं.