चहाबरोबर घेतलेली गोळी

त्या वर्षी मी पनवेलच्या एका साप्ताहिकात उपसंपादक होते आणि मला पाचवा महिना होता. आमच्याकडे आरोग्याचा स्तंभ लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडेच बाळंतपणासाठी माझं नाव घातलेलं होतं. गरोदरपणातल्या आहारावर त्यांनी एक लेख दिला. पोटातल्या बाळाचा मेंदू घडायला आईच्या रक्तात पुरेसं लोह असावं लागतं, ते पालेभाज्या, नाचणी आणि मासळीतून मिळतं, कमी पडलं तर गोळ्या घ्याव्यात, असा त्याचा आशय होता. लेख मी तपासून छापायला दिला.

त्याच आठवड्यात माझं रक्त तपासलं. लोह कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या. गोळी विसरू नये म्हणून मी ती कचेरीतल्या चार वाजताच्या चहाशी जोडून टाकली. दोन महिन्यांत एकही दिवस चुकला नाही.

सातव्या महिन्यात पुन्हा तपासणी झाली. रक्त होतं तिथंच होतं. बाईंनी आधी जेवणाबद्दल विचारलं, मग गोळी कशाबरोबर घेता, असं विचारलं.

"चहाबरोबर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "चहानं लोह अंगी लागत नाही. लेखाच्या शेवटी लिहिलं होतं मी. तुम्हीच तपासलात ना तो? वाचला नाहीत?"

"वाचला होता," मी म्हणाले. "तेवढा शेवट जागेसाठी न वाचताच कापला."

वर्तमानपत्रात मजकूर खालून कापतात. बातमीतलं महत्त्वाचं वर असतं, जागा कमी पडली की शेवट जातो. डॉक्टर मात्र रुग्णाला समजावल्यासारखं लिहितात. आधी कारण सांगतात आणि काय करायचं, काय टाळायचं ते शेवटी. हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. गेलेल्या दोन महिन्यांनी बाळाचं काही बिघडलं असेल का, असं मी विचारलं. ते कुणालाच सांगता येणार नाही, पण मेंदू आता झपाट्यानं वाढतो आणि पुढचे दोन महिने आपल्या हातात आहेत, असं त्या म्हणाल्या. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि चहापासून दोन तास लांब ठेवायची, असं ठरलं.

कचेरीत परतल्यावर मी ही गोष्ट आमच्या खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरना सांगितली. ते जवळच्या गव्हाण गावचे, पन्नाशीचे. त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती आणि लेखाचं कात्रण त्यांनी घरी भिंतीला चिकटवलं होतं.

"आमची पोर पन चा घेऊनच गोली घेतं," ते म्हणाले. "मीच सांगितला तिला, पेपरात कुठं नाय लिवलेला, घे."

मी चूक माझी असल्याचं सांगितलं.

"बाई, तुमी कापलाव, आनि मी जुलवला. आता दोगांनी मिलून छापू."

सुधारणा चार ओळींची होती. ती स्तंभाच्या वर, चौकटीत घ्यायची ठरली. अंक निघायला तीन दिवस होते. त्यांनी खिळे जुळवले, एक प्रत काढली आणि शाई वाळायची वाट न पाहता ती घेऊन संध्याकाळच्या एसटीनं घरी गेले.

आठव्या महिन्याच्या अखेरीस माझं रक्त वाढलं. त्यांच्या मुलीचंही वाढल्याचं त्यांनी कळवलं. तिला मुलगा झाला. पुढच्या महिन्यात मला मुलगी झाली.

मुलीनं मान वेळेवर धरली, बसली, चालली. बोलायला मात्र तिनं वेळ घेतला. प्रत्येक मूल आपल्या वेळेला बोलतं, असं घरचे म्हणत आणि मी मान हलवत असे. त्या दोन महिन्यांबद्दल मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांची व्हायला थोडे दिवस राहिले असताना एका सकाळी ती ताटलीतल्या पालेभाजीकडे बघून म्हणाली, "मला हे नकोय." तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य. मी तिला आग्रह केला नाही.