दादाची बर्फावरची तीनचाकी

माझा दादा बर्फाखाली बुडून गेला.

हो, बर्फाखाली. टाइप करताना चुकलेलो नाही.

आज त्याचा स्मृतिदिन. दरवर्षी मी नुसता फोटो टाकतो. तुम्ही हात जोडता, आणि मग कोणीतरी इनबॉक्समध्ये विचारतं, नेमकं झालं काय होतं? आज एकदाचं लिहून टाकतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. आम्ही दोघं भाऊ आखातात, मुसफ्फाच्या एकाच वर्कशॉपमध्ये होतो. दादा मेकॅनिक, मी वेल्डर. कामगारांच्या कॅम्पवर रूमही एकच. रात्रभर घोरायचा आणि सकाळी मलाच विचारायचा, कोण रे घोरत होतं?

आमच्या अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या मुलाकडे वाळूवर पळवायची एक तीनचाकी होती. पुढे एक चाक, मागे दोन, टायर फुगून टम्म. कंपनीनं हे मॉडेल कधीच बंद केलं होतं. दादानंच जुगाड करून करून तिला जिवंत ठेवली होती.

मुलगा कॅनडात शिकायला. तिथल्या गोठलेल्या तळ्यावर गाडी चालवायचं त्याच्या डोक्यात आलं.

"बर्फ पे चलेगा?" सुट्टीवर आला तेव्हा त्यानं विचारलं.

"बनाएगा तो चलेगा," दादा म्हणाला.

झालं. बाहेर अंगाची लाही होतेय आणि आम्ही बर्फाची गाडी बनवतोय! अख्खं वर्कशॉप हसत होतं.

मुलानं एका इंग्लिश मॅगझिनची पानं आणून दिली. मी वाचून सांगायचो, दादा करायचा.

टायरवरच्या प्रत्येक रबरी उंचवट्यात, गुटलीत, स्क्रू मारायचे, म्हणजे ते बर्फात रुततात. पहिले स्क्रू लांब निघाले, ट्यूब गेली. मग आखूड आणले आणि आतून जुन्या टायरचं अस्तर दिलं. पुढच्या चाकाला जास्त स्क्रू, नाहीतर हँडल वळतं आणि गाडी सरळच जाते. थंडीसाठी कार्बोरेटरचे वेगळे जेट. माणूस पडला तर इंजिन बंद व्हावं म्हणून मनगटाला लावायची दोरी.

मागच्या चाकांवर पत्र्याचे मडगार्ड मी वेल्ड केले. पाय चुकून चाकाखाली गेला तर त्या स्क्रूंनी पोटरी फाटली असती. दादानं ते तीनदा काढायला लावले. शेवटी मी वैतागून म्हटलं, तूच कर. तर हसत म्हणाला, "तुझा हात चांगला आहे म्हणून तर तुला सांगतो."

टेस्टिंग कुठे करणार? मासेवाल्यांना बर्फ देणाऱ्या एका फॅक्टरीत गेलो. तिथल्या मल्याळी सुपरवायझरला मस्का मारून शेडमध्ये लाद्या शेजारी शेजारी मांडून घेतल्या. गाडी त्यांच्यावरून गेली, जराही न घसरता. स्लिपरा भिजल्या, पण दादा बाजूला व्हायला तयार नाही. लादीवर हात थापटून म्हणाला, "बघ, कसला दगड आहे!"

आम्ही पाहिलेला बर्फ तेवढाच. वरपासून खालपर्यंत बर्फ.

मुलानं हट्ट धरला, मेकॅनिक सोबत पाहिजे. अरबाबनं गाडी कार्गोनं पाठवली आणि दादाचा व्हिसा काढून दिला. कॅम्पवर दादाची वट वाढली. कोणी जॅकेट दिलं, कोणी हातमोजे. मी एअरपोर्टपर्यंत गेलो. यल्ला, चल, येतो, म्हणाला आणि मागे न बघता आत गेला.

मग एका सकाळी ऑफिसमधून बोलावणं आलं.

कॅनडात पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी दादा ट्रायल घ्यायला निघाला होता. मुलगा दोघांसाठी चहा आणायला गेलेला. काठाला एक ओढा तळ्याला मिळतो, तिथे बर्फ पातळ असतो. तिथली माणसं त्या बाजूला फिरकत नाहीत. दादा तिकडूनच गेला आणि बर्फ फुटला. त्याला काय दिसणार? सगळीकडे पांढरंच.

वर वीतभर बर्फ आणि खाली पाणी असतं, हे त्या मॅगझिनमध्ये कुठेही नव्हतं. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, एवढं काय सांगायला लागतं?

मुलगा मला भेटायला आला तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडला. गाडी नंतर बाहेर काढली म्हणाला. एकही स्क्रू सुटला नव्हता. इंजिन दोरीनं बरोबर बंद झालं होतं.

आमच्या कामात कुठेच फॉल्ट नव्हता. मग मी रागवायचं तरी कोणावर?

बॉडी तिकडून थेट मुंबईला गेली. माझा पासपोर्ट तेव्हा व्हिसा रिन्यूअलला गेलेला. रोज कंपनीत व्हिसाची कामं बघणाऱ्या पीआरओच्या टेबलापुढे उभा राहायचो. तो म्हणायचा, "बुकरा, इन्शाल्ला." उद्या, उद्या. शेवटी गावी काकांनीच अग्नी दिला. मी मुसफ्फाच्या एका टेलिफोन बूथमध्ये रिसीव्हर कानाला लावून उभा होतो, बाहेर लाइनमधली माणसं काचेवर टकटक करत होती.

आई फोनवर आली. रडली नाही.

"त्याला पवायला येत होतं ना रे? दाभोळची खाडी पोहून जायचा तो."

मी म्हटलं, हो आई. आई जाईपर्यंत अधूनमधून हेच विचारायची. प्रत्येक वेळी मी हो म्हणायचो.

पुढे लग्न झालं, फॅमिली आणली, इकडेच अल नहदाला फ्लॅट घेतला. मुलगी इथल्याच शाळेत गेली. पाचवीत असताना एकदा टेबलावर सायन्सचा अभ्यास करत होती. मी शेजारी बसलो होतो. पुस्तकात तळ्याचं चित्र होतं. वर बर्फ, खाली पाणी, पाण्यात मासे.

मी चित्रावर बोट ठेवलं. मग विचारलं, हे असं असतं?

तिनं वरसुद्धा बघितलं नाही.

"ऑफ कोर्स, बाबा. आइस फ्लोट्स. एव्हरीबडी नोज दॅट."

नाही गं बाळा. आम्हाला दोघांना माहीत नव्हतं.

दादा, तुला नमस्कार.